आजारी डिस्क उपसण्याआधी: एका दूध संघाच्या सर्व्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुका दूध संघाचं हे प्रकरण आहे. संघाचं नाव देत नाही. त्यांच्या सर्व्हरचं काम मी बाहेरून पाहतो, म्हणजे काही अडलं की मला फोन येतो. २०२३ च्या जूनमध्ये तसाच एक फोन आला.

संघाची साठेक संकलन केंद्रं आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, केंद्रावरचं यंत्र लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) नोंदवतं आणि पाळी संपली की त्या नोंदी संघाच्या सर्व्हरवर येतात. दर दहा दिवसांचा हिशेब होतो. पशुखाद्याची उधारी आणि ॲडव्हान्स वजा करून ११, २१ आणि १ तारखेला बिलं निघतात. फॅट एका दशांशाने चुकली तरी शेतकरी केंद्रावर येऊन विचारतो, आणि त्याने विचारायलाच हवं.

सर्व्हर साधा टॉवर होता. लिनक्स वेगळ्या एसएसडीवर आणि डेटा ४ टीबीच्या चार डिस्कवर, सॉफ्टवेअर रेड ५ मध्ये, म्हणजे चार डिस्क मिळून लिनक्सने चालवलेला एकच साठा, ज्याला ॲरे म्हणतात. रेड ५ मध्ये डेटाबरोबर पॅरिटी, म्हणजे त्याच डेटावरून काढलेले जादा आकडे, लिहिली जाते. चारपैकी कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं सगळं गणिताने परत काढता येतं, पण दुसरी गेली की गणित संपलं. भरलेली जागा होती सुमारे ९०० जीबी. त्यातला हिशेबाचा डेटाबेस फक्त ३८ जीबी, बाकी सभासदांच्या अर्जांची आणि जुन्या कागदपत्रांची स्कॅन. चारही डिस्क २०१८ मध्ये एकाच दिवशी, एकाच दुकानातून आल्या होत्या. तिथेच पुढच्या अडचणीचं मूळ होतं.

अडचण कशी कळली

८ जूनला सकाळी अकराच्या सुमारास संघाच्या संगणक ऑपरेटरचा फोन आला. तक्रार होती की एरवी बारा-पंधरा मिनिटांत येणारा तात्पुरता हिशेब पाऊण तास झाला तरी येत नाही. मी त्याला फोनवरच रेडची स्थिती दाखवणारी फाइल उघडायला सांगितली. त्याने वाचून दाखवलं, "यू, मग रेघ, मग यू, यू." यू म्हणजे चालू डिस्क, रेघ म्हणजे ॲरेतून बाद झालेली. तो लगेच म्हणाला, "सर, दोन नंबरची गेलीय. आपल्याकडे नवीन डिस्क पडलीये. दोन लिहिलेला ट्रे ओढतो आणि ती टाकतो, चालेल ना?"

मी त्याला काहीही ओढू नकोस, सर्व्हर रीस्टार्टही करू नकोस असं सांगून गाडी काढली.

त्या सर्व्हरच्या ट्रेवर ०, १, २, ३ असे आकडे छापलेले आहेत. "दोन" लिहिलेला ट्रे तिसरा येतो आणि त्यात चांगली डिस्क होती. ती उपसली असती तर चारपैकी दोन गेल्या असत्या आणि चालू डेटाबेससकट अख्खा ॲरे तिथेच बसला असता. शिवाय त्या फाइलमधला क्रम हा रेडच्या हिशेबातला क्रम असतो. तो ट्रेच्या क्रमाशी जुळेलच असं नाही. सॉफ्टवेअर रेडमध्ये लाल दिवा लागून डिस्क स्वतःहून ओळख देते असंही बहुतेक वेळा होत नाही. ऑपरेटरचा यात काही दोष नाही. समोर दिसलं त्यावरून कोणीही हाच अर्थ लावला असता.

एकच्या सुमारास पोचलो. लॉग पाहिला तर डिस्क आज बाद झालेली नव्हती. २० मेलाच ॲरेने ती बाहेर काढली होती. १९ दिवस सर्व्हर तिघींवर चालला होता आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण इशाऱ्याचा ईमेल दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात होता.

मग चारही डिस्कचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, काढले. बाद झालेलीत बदली सेक्टरांचा (खराब झाल्याने राखीव जागेत हलवलेल्या तुकड्यांचा) आकडा १,८०० च्या वर गेला होता. पहिली आणि तिसरी स्वच्छ होत्या. चौथीकडे पाहिल्यावर मात्र मी खुर्ची ओढून बसलो. तिचे 'प्रलंबित सेक्टर' होते १६. डिस्कला काही जागा वाचता येत नाहीत आणि त्यांचं काय करायचं हे तिने अजून ठरवलेलं नाही, असा याचा अर्थ. हे १६ सेक्टर ५१२ बाइटच्या मापाने मोजलेले, म्हणजे डिस्कवर ४ केबीच्या दोन जागा. ॲरेच्या लेखी ती डिस्क ठणठणीत होती, कारण त्या जागा मधल्या काळात कोणी वाचायलाच गेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

व्यवस्थापक साहेब मागे उभे होते. म्हणाले, "हे बघा, अकराला बिल गेलं पाहिजे. पेरणीचे दिवस आहेत. लोकांनी बी-बियाण्याचे पैसे त्यावर धरलेत." त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि माझ्याही मनात पहिलं तेच होतं. हातात अडीच दिवस होते.

पहिला पर्याय सरळ होता. बाद डिस्कच्या जागी नवी टाकायची आणि रिबिल्ड, म्हणजे बाद डिस्कवरचं सगळं बाकीच्यांवरून काढून नवीवर लिहिणं, सुरू करायचा. नऊ-दहा तासांत काम संपतं आणि बहुतेक ठिकाणी हेच करतात. पण रिबिल्ड उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचतो. डेटा ९०० जीबी असो वा ९ जीबी, रेडला फाइली दिसत नाहीत, ते १२ टीबी वाचतंच. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीची मर्यादा १० चा १४ वा घात बिटांमागे एक अशी दिलेली असते. म्हणजे साधारण १२.५ टीबीमागे एक. ती कमाल मर्यादा आहे, भाकीत नव्हे, आणि प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात. पण इथे भाकिताची गरजच नव्हती. चौथीतल्या दोन जागा वाचता येत नाहीत हे ती स्वतःच सांगत होती. रिबिल्ड तिथे अडखळणार हे नक्की होतं. तेव्हा एमडी, म्हणजे लिनक्समधलं रेड चालवणारं सॉफ्टवेअर, चौथीलाही बाद ठरवू शकतं, आणि मग चालू सर्व्हर मध्यरात्री बंद.

दुसरा पर्याय म्हणजे नव्या डिस्कवर कोरा ॲरे करून त्यात बॅकअप भरणं. बॅकअप होता जानेवारीचा. जुन्या स्कॅनसाठी तो पुरेसा होता, हिशेबासाठी निरुपयोगी.

तिसरा, बाद डिस्कच पुन्हा ॲरेत घालून पाहणं. १९ दिवसांत बदललेला भागच भरून घेता येईल अशी सोय ॲरेत होती. पण १,८०० सेक्टर बदलून झालेल्या डिस्कवर ३८ जीबी हिशेबाचा भार टाकायला माझं मन धजेना.

चौथा, डिस्क डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत पाठवणं. तो शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवला. काही बिघडवण्याआधी तिथे जाणं केव्हाही बरं, पण ११ तारीख त्यात बसत नव्हती.

पाचवा आम्ही घेतला. आधी जे मोलाचं आहे ते फाइल म्हणून बाहेर काढायचं. मग सर्व्हर बंद करून आजारी चौथीची नव्या डिस्कवर नक्कल करायची. नक्कल तिच्या जागी बसली की मगच बाद डिस्कच्या जागी दुसरी नवी टाकून रिबिल्ड करायचा. यात दोन डिस्क आणि एक रात्र जादा जाते. फायदा असा की रिबिल्ड चालू होतो तेव्हा ॲरेत एकही आजारी डिस्क नसते. आजारी डिस्क म्हणजे मेलेली डिस्क नव्हे. लाखो सेक्टर ती अजून बरोबर देत असते, फक्त ते अडखळलं तरी न थांबणाऱ्या साधनाने वाचून घ्यावे लागतात.

काय केलं: पहिली दुपार

कशालाही हात लावण्याआधी चारही डिस्कचे स्मार्ट आकडे, अनुक्रमांक आणि प्रत्येकीवरची रेडची माहिती एका फाइलमध्ये घेऊन पेनड्राइव्हवर ठेवली. ट्रेचे फोटो काढले. ॲरे नाईलाजाने नव्याने जुळवायची वेळ आली तर डिस्कचा क्रम आणि चंकचा (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार याच फाइलमधून मिळतो. ती नसेल तर अंदाजपंचे होतं.

मग डेटाबेस. पस्तीस मिनिटांत तो यूएसबी डिस्कवर आला आणि दुसरी प्रत लेखा विभागाच्या संगणकावर ठेवली. प्रत नीट उघडते का हे पाहायला ती माझ्या लॅपटॉपवर भरली आणि ताईंना, म्हणजे लेखापालांना, कोणत्याही एका केंद्राची वही आणायला सांगितली. त्यांनी बोट ठेवून १ ते ७ जूनच्या ओळी वाचल्या, मी स्क्रीनवर पाहत गेलो. सातही दिवसांचं लिटर जुळलं. एका पाळीची नोंद वहीत खोडून दुरुस्त केलेली होती आणि स्क्रीनवर दुरुस्त आकडा होता. तेव्हा कुठे दोघांनाही जरा हायसं वाटलं.

पुढची निवड नाजूक होती. चालू, जखमी ॲरेतून किती वाचायचं? प्रत्येक जादा वाचनात चौथीच्या खराब जागेवर पाय पडण्याची शक्यता होती. म्हणून किमतीच्या क्रमाने गेलो. जानेवारीनंतरची स्कॅन कुठेच दुसरीकडे नव्हती, ती ७० जीबी घेतली. एकही चूक आली तर तिथेच थांबायचं असं ठरवलं होतं, पण आली नाही. जानेवारीआधीची जवळपास ८०० जीबी स्कॅन मुद्दाम वाचली नाहीत. त्यांची प्रत होती.

कोणती डिस्क चालणार नाही

संघाकडे "पडलेली" नवी डिस्क मी पाहिली. ४ टीबीच होती, पण घरगुती वापराची आणि एसएमआर पद्धतीची. एसएमआरमध्ये पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे तासन्‌तास सलग ताण पडला की वेग कोसळतो. २०२० मध्ये रेडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या तेव्हा यावर जगभर बोंब झाली होती. दुसरं असं की घरगुती डिस्क खराब सेक्टरवर अडली की मिनिटभरसुद्धा झगडत बसते. लिनक्स ३० सेकंदांत कंटाळतं आणि डिस्कलाच बाद धरतं. सर्व्हरसाठीची डिस्क साधारण ७ सेकंदांत "जमत नाही" म्हणून मोकळी होते, आणि रेडला तेच हवं असतं.

पुण्याहून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढलेल्या), सर्व्हरसाठीच्या डिस्क मागवल्या. एकाच खोक्यातल्या दोन घेतल्या असत्या तर पाच वर्षांनी पुन्हा हेच. दोन्हींचा आकार बाइटपर्यंत तपासला. ४,०००,७८७,०३०,०१६ बाइट, जुन्यांइतकाच. एक सेक्टर जरी कमी असता तरी नक्कल शेवटी कापली गेली असती.

रात्र

संध्याकाळच्या पाळीच्या नोंदी साडेनऊपर्यंत आल्या. केंद्रांवरची यंत्रं नोंदी स्वतःकडेही ठेवतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सर्व्हर उशिरा उठला तरी दूध अडणार नव्हतं. सर्व्हर नीट बंद केला आणि एकेक ट्रे काढून मोबाइलच्या उजेडात डिस्कवरचा अनुक्रमांक वाचला. ऑपरेटर वाचायचा, मी कागदावर खूण करायचो. चौथी डिस्क खरोखर ३ लिहिलेल्या ट्रेत निघाली, बाद झालेली १ मध्ये. प्रत्येक ट्रेवर अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे चिकटवले.

नक्कल माझ्या वेगळ्या मशीनवर, डीडीरेस्क्यू या अडखळलं तरी न थांबणाऱ्या साधनाने केली. इथे एकच जागा खरी घातक असते. आधी स्रोत, मग गंतव्य. उलटं लिहिलं तर कोरी डिस्क जुनीवर उतरते. म्हणून एंटर दाबण्याआधी ऑपरेटरला दोन्ही अनुक्रमांक मोठ्याने वाचायला लावले. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा सोडून पुढे जायचं, चांगलं ते आधी हातात घ्यायचं. तासाभरात डिस्क ५१ अंशांवर गेली तेव्हा टेबलफॅन तिच्यासमोर लावला आणि ती ४० च्या आसपास आली. रात्री दोनला लाइट गेली. यूपीएस दहा-बारा मिनिटं तग धरतो. शीतकरणासाठी संघाचा जनरेटर आहे, तो चौथ्या मिनिटाला लागला. मशीन बंद पडलं असतं तरी डीडीरेस्क्यू आपला नकाशा फाइलमध्ये ठेवतं, सोडलं तिथून पुढे जातं.

पहाटे पाचच्या सुमारास पहिली फेरी संपली. न वाचलेल्या जागा दोन होत्या. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर त्यातली एक आली. दुसरी ४ केबीची जागा शेवटपर्यंत आली नाही.

४ केबीचं भोक

हा भाग सावकाश वाचावा, कारण इथेच डेटा न कळत बिघडतो.

मूळ डिस्क त्या जागेवर "वाचता येत नाही" असं स्पष्ट सांगत होती. नकलेत तिथे शून्यं आहेत आणि नक्कल ती बिनबोभाट वाचून देते. चूक दिसेनाशी होते. पुढे बाद डिस्क रिबिल्ड होताना त्या पट्ट्यात (चारही डिस्कवरच्या एकमेकींशी जोडलेल्या जागांच्या ओळीत) तीच शून्यं गणितात जातात आणि नव्या डिस्कवरचा समोरचा ४ केबीही चुकीचा लिहिला जातो. हरवले ४ केबी, चुकू शकतात ८. आणि या चुकीच्या आकड्यांवरूनच सगळं जुळवलेलं असल्याने नंतर ॲरेची तपासणी केली तर विसंगती शून्य येते. रेडच्या दृष्टीने सगळं अगदी बरोबर असतं. तपासणी शून्य आली म्हणून फाइली शाबूत आहेत असं समजणं ही या कामातली मोठी फसगत आहे.

म्हणूनच फाइली आधी बाहेर काढून ठेवल्या होत्या. पडताळायला काहीतरी हातात हवं.

काय केलं: दुसरा दिवस

९ जूनला सकाळी नक्कल ३ च्या ट्रेत बसवली. मूळ चौथी कागदी पिशवीत घालून कपाटात गेली. मूळ आणि नक्कल एकाच वेळी कधीही जोडायच्या नाहीत. दोघींवर रेडची ओळख एकच असते आणि सिस्टिम कोणती उचलेल सांगता येत नाही.

ॲरे आधी फक्त वाचण्यापुरता जुळवला. फाइलसिस्टिमची तपासणी काही न बदलता केली, ती स्वच्छ आली. मग १ च्या ट्रेत दुसरी नवी डिस्क घालून, तिचे विभाग (पार्टिशन) जुन्यासारखे करून ती ॲरेत जोडली. नऊला रिबिल्ड सुरू झाला. ऑफिसचं काम चालू ठेवून वेग कमी करायचा की दिवसभर कोणालाच आत येऊ द्यायचं नाही? मी दुसरं मागितलं. साहेब क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ठीक आहे, आजच्या दिवस वह्यांवर चालवू." संध्याकाळी पावणेसातला यू, यू, यू, यू.

परिणाम

रात्री चेकसमने, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्याने, ताडून पाहिलं. जानेवारीनंतरची स्कॅन दुपारच्या प्रतीशी, जुनी जानेवारीच्या बॅकअपशी, डेटाबेसमधल्या प्रत काढेपर्यंतच्या नोंदी बाहेर काढलेल्या प्रतीशी. एकच फाइल वेगळी निघाली. २०१९ मधला एका सभासदाचा सहा पानी अर्ज, ज्याचं चौथं पान अर्ध्यातून करडं झालं होतं. बॅकअपमधून ती परत ठेवली. दुसरा ४ केबी मोकळ्या जागेत किंवा पॅरिटीत पडला असावा, कारण आणखी काही वेगळं निघालं नाही. केंद्रांच्या साचलेल्या नोंदी उतरल्या आणि ११ ला बिलं गेली.

पहिली आणि तिसरी डिस्कही तेवढ्याच वयाच्या होत्या. त्या पुढच्या महिन्यात एकेक करून बदलल्या. जुनी ॲरेत ठेवूनच नवी भरायची आणि भरून झाल्यावर जुनी सोडायची, ही सोय लिनक्समध्ये २०१२ पासून आहे, आणि एक स्लॉट मोकळा असेल किंवा डिस्क बाहेरून जोडता येत असेल तर मी दुसरी रीत वापरत नाही. या पद्धतीत पॅरिटीचं संरक्षण एक क्षणही सुटत नाही. ऑगस्टमध्ये संपूर्ण बॅकअप घेऊन ॲरे रेड ६ केला, ज्यात दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. जागा १२ ऐवजी ८ टीबी उरली, पण भरलेली ९०० जीबीच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

इशाऱ्याचा ईमेल मी सर्व्हर ताब्यात घेतला त्याच दिवशी तपासायला हवा होता. एमडीएडीएम या रेड सांभाळायच्या लिनक्सच्या साधनात चाचणी ईमेल पाठवायची सोय आहे, दोन मिनिटांचं काम. तो चालू असता तर २० मेलाच कळलं असतं.

डेबियन या लिनक्सच्या प्रकारात महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲरे पूर्ण वाचून पाहण्याचं काम आपोआप लागलेलं असतं. इथे ते बंद होतं, कारण रविवारी हिशेब मंद व्हायचा. ते चालू असतं तर चौथीतल्या जागा चारही डिस्क शाबूत असतानाच सापडल्या असत्या आणि पॅरिटीवरून तिथल्या तिथे दुरुस्त झाल्या असत्या. हा सगळा प्रसंग टळला असता. आता तपासणी रात्री अकरानंतर लावली आहे.

एका निर्णयाबद्दल माझं अजून पक्कं मत नाही. दुपारी चालू ॲरेतून ७० जीबी स्कॅन वाचायची होती का, की डेटाबेस काढून लगेच सर्व्हर बंद करायचा होता? वाचलं म्हणून रात्रीची पडताळणी पुरी झाली. पण त्यातली एखादी फाइल त्या खराब जागेवर असती तर संध्याकाळची पाळी सर्व्हरविना गेली असती. केंद्रांची यंत्रं नोंदी धरून ठेवत नसती तर मी हे केलं नसतं.

नव्या डिस्क पूर्ण लिहून-वाचून तपासायला वेळ नव्हता. आता अशी तपासलेली एक डिस्क संघाच्या कपाटात कायम असते. तिच्या खालच्या खणात त्या चार जुन्या आहेत, कोणती कुठल्या ट्रेमधून आणि कोणत्या तारखेला निघाली याची चिठ्ठी चिकटवलेल्या. बाद झालेली तर मुद्दाम ठेवली. तो २०१९ चा अर्ज बॅकअपमध्ये नसता, तर चौथीच्या न वाचलेल्या ४ केबीचं गणित सोडवायला तिच्यावरचा १९ दिवस जुना पट्टा उपयोगी पडला असता. त्या जागी मधल्या काळात काही लिहिलं गेलं नव्हतं.

दर महिन्याच्या १२ तारखेला ताई बॅकअपची प्रत वेगळ्या संगणकावर उघडतात, कोणत्याही एका केंद्राची वही मागवतात आणि सात दिवसांचं लिटर जुळवून मला फोटो पाठवतात.